धागा: जर्मॅनिक भाषांत बी.ए. करायचंय, सरकारी विद्यापीठातून. बेळगाव भागातलं कुणी गेलंय का?

मलप्रभाकाठची | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात आर्ट्सचं दुसरं पीयूसी, म्हणजे बारावी. गेल्या वर्षापासून टिळकवाडीत एका क्लासला जर्मन शिकतेय, ए-टू झालंय, म्हणजे सहातली दुसरी पातळी.

जर्मनच का, तर त्याचं कारण एक पाटी आहे. पप्पा उद्यमबागेत लेथवर आहेत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी जर्मन लेथ आहे, मालकांनी सेकंडहँड आणलेली. गियरच्या दांड्याखाली पितळी पाटी, त्यावरची अक्षरं तेलाच्या बोटांनी पुसत आलेली. दिवाळीच्या पूजेला गेले तेव्हा मी ती पहिल्यांदा वाचू शकले: "नुर बाय श्टिलश्टांड शाल्टेन." म्हणजे मशीन थांबलेलं असतानाच गियर बदला. मी मोठ्या ऐटीत अर्थ सांगितला. पप्पा म्हणाले, "अगं ते मला बावीस वर्षं माहीत हाय. एकदा चालू मशीनवर टाकला होता गियर, तेव्हाच वाचली ती पाटी." सगळे हसले. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यातून तो "श्टांड" जाईना. स्टँड, श्टांड, स्थान. हे एकच आहे ना? मग क्लासमध्ये सांगतात की संस्कृतचा त इंग्लिशमध्ये थ होतो, त्रि चं थ्री, तर इथं त आहे तसाच कसा राहिला? सरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला येत नाही.

मला ते परीक्षेला न येणारंच शिकायचंय. इथं मला क्लास सापडले, पदवी नाही सापडली. मामा म्हणतो सरळ जर्मनीलाच जा, तिथं फी नसते. मोठे काका म्हणतात इंग्लिश घेऊन बी.ए., मग बी.एड., आणि गप शाळेत लाग. खासगी विद्यापीठाची फी झेपणार नाही, म्हणून सरकारीच पाहिजे. कुणी हा रस्ता चाललंय का?

---

चिक्कोडीचा_पाव्हणा | १२ जानेवारी, रात्री १०:०२

पप्पांना आमचा नमस्कार सांगा. पाटी अशीच वाचतात.

---

राईनकाठी | १३ जानेवारी, पहाटे १:१५

मी निपाणीचा. पुण्यात जर्मन घेऊन बी.ए., रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे तिथे एम.ए., मग जर्मनीत दुसरं एम.ए. आता इथेच नोकरी करतो. म्हणजे तू म्हणतेस तो रस्ता चाललोय, थोडा उलटासुलटा.

मामांचं अर्धं बरोबर आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्राची वर्गणी तेवढी असते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो पडतात. म्हणजे हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग ही सगळी गोड नावं त्यात आली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली, पण त्याच्याशी तुला कर्तव्य नाही.

मामांचं उरलेलं अर्धं महागात पडतं. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच बंद खात्यात दाखवावा लागतो. सध्या ११,९०४ युरो. दर महिन्याला त्यातले ९९२ हातात येतात. मालकाकडे लेथ चालवणाऱ्या माणसाने हे कुठून आणायचे, हा प्रश्न मामांना विचार, प्रेमाने.

आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळतच नाही. एक तर श्टुडिएनकोलेग नावाचं वर्षभराचं पूर्वशिक्षण आणि शेवटी परीक्षा, नाहीतर भारतात पदवीचं पहिलं वर्ष पास होऊन त्याच विषयाच्या वाटेने जायचं. त्यात जर्मनवाल्यांची गंमत वेगळीच. इंजिनिअरिंगवाल्याला इंग्लिशवर चालणारे कोर्स मिळतात. आपल्याला जर्मनमध्येच जर्मन शिकायचं असतं, तेही ज्यांची ती मायबोली आहे अशा पोरांच्या शेजारी बसून. तिथल्या गेरमानिस्टिकच्या, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या, पहिल्या सत्राला भाषा कुणी शिकवत नाही. ती येतेच असं धरतात. पहिल्या आठवड्यात आठशे वर्षांपूर्वीचं मध्यकालीन जर्मन काव्य समोर ठेवतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या थोडं आधीचं. ए-टूवर जाशील तर महिन्याभरात रडत परत येशील. मी सी-वन करून गेलो होतो, तरी रडलो. परत आलो नाही एवढंच.

म्हणून माझं मत: बी.ए. भारतात सरकारी ठिकाणी कर, एम.ए.ला बाहेर बघ. दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्लिश आणि परकीय भाषांचं विद्यापीठ), दोन्हीकडे जर्मनचं बी.ए. ऑनर्स शून्यापासून सुरू होतं. दिल्ली विद्यापीठाच्या विभागाचं तर नावच जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीज आहे. बनारस हिंदू विद्यापीठातही आहे. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म तुझ्या पीयूसी निकालाची वाट बघत नाही. लक्ष ठेव.

---

गणपतगल्लीकर | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

पोरी, आधी शाबासकी घे. बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, भाषेतलं कळत नाही, पण एक शंका. तू विषयात "जर्मॅनिक भाषा" लिहिलंस आणि बाकी सगळे जर्मन जर्मन करायलेत. दोन्ही एकच काय?

---

व्याकरणवेडी | १३ जानेवारी, सकाळी ११:१०

काका, प्रश्न बरोबर आहे. जर्मॅनिक हे कुळाचं नाव, जर्मन हे त्यातल्या एका घराचं. इंग्लिश, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक, फ्रिशियन, आफ्रिकान्स, यिद्दिश ही सगळी त्याच वाड्यातली बिऱ्हाडं. गॉथिक हे बिऱ्हाड कधीच उठलं, पण चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने केलेल्या भाषांतरामुळे ती भाषा कळते. भारतात बी.ए.ला प्रत्यक्षात जर्मनच मिळतं. बाकीच्यांची ओळख भाषाविज्ञानाच्या एखाद्या पेपरात होते.

मी कोल्हापूरला तीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि चाळिशीनंतर जर्मन शिकले. आता मलप्रभाकाठचीच्या प्रश्नाकडे येते, कारण तो फार चांगला आहे आणि "परीक्षेला येत नाही" हे त्याचं उत्तर नव्हे.

याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियम मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे प, त, क दिसतात तिथे जर्मॅनिक भाषांत फ, थ, ह दिसतात. पितृ आणि फादर, त्रि आणि थ्री. पाय म्हणजे पाद, तिकडे फुट, जर्मनमध्ये फूस. आता तुझं स्था. त च्या आधी लगेच स असेल तर तो त बदलत नाही. स ने त्याला धरून ठेवलेलं असतं म्हण. म्हणून स्था, स्टँड, श्टेएन. तारा शब्दाचं वैदिक रूप स्तृ, इंग्लिश स्टार, जर्मन श्टेर्न. जर्मनांनी पुढे स चा श केला, त ला हात लावला नाही. तुझ्या पप्पांच्या पाटीवरचा "श्टांड" हा ग्रिमच्या नियमाचा अपवाद आहे आणि तो तुला कुणी न सांगता खटकला. एवढ्यावर मी तुला प्रवेश दिला असता.

खरी मजा पुढे आहे. जर्मनमध्ये भाऊ म्हणजे ब्रूडर, बाप म्हणजे फाटर, आई मुटर. आपल्याकडे भ्राता, पिता, माता. तिन्हींत त. मग जर्मनमध्ये भावाला ड आणि आईबापाला ट का? गॉथिकमध्येही तोच भेद, भाऊ ब्रोथर पण बाप फदर. ग्रिमच्या नियमाने दोन्हीकडे थच यायला हवा होता. पन्नास वर्षं लोक म्हणत होते, असेल काहीतरी अपवाद. १८७५ च्या सुमारास कार्ल व्हेर्नर नावाच्या डॅनिश माणसाच्या डोक्यात उजेड पडला. त्याने संस्कृतकडे पाहिलं, आणि त्यातही ऋग्वेदाच्या स्वरांकडे.

संहितेचं पुस्तक कुणाकडे असेल तर उघडून बघा. भ्राता शब्दात उदात्त, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर, म्हणून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ: भ्राता॑. पिता शब्दात उदात्त दुसऱ्या अक्षरावर, म्हणून पहिल्याच्या पायाशी आडवी रेघ: पि॒ता. मा॒ता तशीच. आघात त च्या आधी असेल तर थ टिकला. आघात त च्या नंतर असेल तर थ मऊ पडून द झाला. पुढे जर्मनमध्ये आणखी एक फेरफार झाला, थ चा ड आणि द चा ट. म्हणून ब्रूडर, म्हणून फाटर आणि मुटर.

म्हणजे जर्मन लोकांनी कधीच गमावलेला आघात आपल्याकडच्या वैदिकांनी घोकून ठेवला होता, आणि त्यावरून त्यांच्या भाषेतलं कोडं सुटलं. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वर बघायची.

---

अनगोळचा_टर्नर | १३ जानेवारी, दुपारी १:४५

मावशी, जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर वाचलं. दोनदा वाचलं. डबा गार झाला.

मी पण लेथवरच. आमच्याकडच्या मशीनवर "आख्टुंग" लिहिलेलं आहे, आम्ही सगळे त्या मशीनलाच आख्टुंग म्हणतो. "आख्टुंगवर कोण आहे आज?" असं.

---

व्याकरणवेडी | १३ जानेवारी, दुपारी २:०५

म्हणजे "सावधान"वर कोण आहे! नाव उत्तम आहे, बदलू नका.

---

बेंगळूरुस्थ | १३ जानेवारी, रात्री ८:५०

मी शहापूरचा, आता बंगळूरमध्ये एका कंपनीत जर्मन ग्राहकांचं काम बघतो. बी.ए. वगैरे नाही, नोकरी करत सी-वन केलं. मॅक्सम्युलर भवनची परीक्षा दिली. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

नोकरी पाहिजे असेल तर पदवीची गरज नाही, लेव्हलची आहे. एच.आर. विचारतो बी-टू आहे का, सी-वन आहे का. आठशे वर्षांपूर्वीचं काव्य वाचलंस का असं कुणी विचारत नाही. साध्या भाषांतराचं काम आता मशीन करतं. आमच्याकडे पूर्वी बारा जण पत्रं भाषांतरित करायचे, आता तिघं मशीनने केलेलं तपासतात. ताई, तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण घरी पैशाची ओढ आहे म्हणतेस म्हणून स्पष्ट सांगतो.

पण हे पण सांगतो. ते तिघं कोण राहिले? ज्यांना वाक्य का खटकतंय ते सांगता येतं ते. त्यातल्या दोघींचं जर्मनमध्ये बी.ए., एम.ए. आहे. मी त्यात नाही, मी आता त्यांचं वेळापत्रक बघतो.

आणि आपल्या मराठी पोरांना एक फायदा आहे, तो हिंदीवाल्यांना नसतो. क्लासमध्ये हिंदीवाले डेर-डी-डास बघून रडतात. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून. "मला थंडी वाजते" मधला "मला" जर्मनमध्ये जसाच्या तसा येतो, मीर इस्ट काल्ट. पोटवाक्यात क्रियापद शेवटी, आपल्याला त्यात नवल ते काय. आकडे बघा: चोवीस म्हणजे चार आणि वीस, जर्मनमध्ये फीअर-उंड-त्स्वान्त्सिश, चार-आणि-वीस. कन्नडमध्ये इप्पत्तनाल्कु, वीस आधी. मी लहानपणी दुकानात कन्नड गिऱ्हाइकाला आकडा सांगताना मनात उलटा करायचो. तीच सवय जर्मन फोन नंबर घेताना कामाला आली.

---

मलप्रभाकाठची | १४ जानेवारी, सायंकाळी ६:२०

सगळ्यांना तिळगूळ. व्याकरणवेडी मावशी, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरून घेतला. आमच्या गावच्या भटजींकडे संहिता आहे का विचारायला गेले तर ते म्हणाले, "कशाला पायजे?" मी म्हटलं जर्मनसाठी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पण पुस्तक काढलं. पि च्या खाली खरंच रेघ आहे.

बेंगळूरुस्थ दादा, डास वरून एक विचारायचं होतं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, डास मेडशेन. वर्गात सगळे हसले. मला काहीच वाटलं नाही, कारण माझी आज्जी कणकुंबीकडची, ती आम्हाला कोकणीत "चेडूं" म्हणते, आणि "तें चेडूं" असंच बोलते. हे सरांना सांगितलं तर म्हणाले ती बोलीभाषा. म्हणजे काय?

---

व्याकरणवेडी | १४ जानेवारी, रात्री ९:००

म्हणजे सरांना कोकणी येत नाही.

मेडशेन नपुंसक आहे ते शेवटच्या "शेन" मुळे. हा लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की कोणताही शब्द डास होतो. आपल्याकडे पोरगा, पोरगी आणि मायेने किंवा रागाने "ते पोरगं". कुत्रा, कुत्री, ते कुत्रं. लहान, लाडकं किंवा क्षुल्लक म्हटलं की नपुंसक, ही वृत्ती दोन्हीकडे आहे. कोकणीत अविवाहित मुलीला तें म्हणण्याचा वापर तर जुना आणि भक्कम आहे. तुझ्या आज्जीचं वाक्य टिपून ठेव, तारीख घालून. पुढे प्रबंधाला लागेल. चेष्टा करत नाही.

---

गणपतगल्लीकर | १५ जानेवारी, सकाळी ७:१०

कालच्या चर्चेवरून आठवलं. नोकरीत असताना एका परिषदेला ब्रसेल्सला गेलो होतो. तिथून ल्यूव्हेनला नेलं. जुनं विद्यापीठ, पण गाव डचभाषिक भागात. फ्रेंचवाले आणि डचवाले यांचं इतकं फाटलं की १९६८ मध्ये विद्यापीठच दोन केलं. फ्रेंच विभागासाठी भाषेच्या सीमेपलीकडे नवं गावच वसवलं, लूव्हॅं-ला-न्यूव्ह. ग्रंथालयाचीसुद्धा वाटणी केली, सम क्रमांकाची पुस्तकं एकीकडे, विषम दुसरीकडे, असं आमच्या वाटाड्याने सांगितलं. मला तिथे उभं राहून आपलंच गाव दिसलं. ५६ साली आमच्या वडिलांनी...

---

सीमावासी_८६५ | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

काका, तिथं निदान वाटणी तरी झाली! आपल्याकडे महाजन अहवाल येऊन पन्नास वर्षं उलटली, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि आपल्या पोरी दिल्लीला जाऊन जर्मन शिकणार. आधी इथल्या मराठी शाळा वाचवा म्हणावं.

---

बेंगळूरुस्थ | १५ जानेवारी, सकाळी ९:१५

ती मराठी शाळेतच शिकलीय. आणि कन्नडवर राग काढायचा असेल तर जरा थांबा. कन्नडचा सगळ्यात मोठा जुना कोश कुणी केला? फर्डिनांड किट्टेल, १८९४. बासेल मिशनचा जर्मन पाद्री, जन्म पूर्व फ्रीसलँडचा. धारवाड-हुबळीत राहून आयुष्यभर शब्द गोळा केले. बंगळूरच्या एमजी रोडवर त्याचा पुतळा आहे, मी रोज त्याच्यासमोरून जातो. एखादी बेळगावची पोरगी उलट्या दिशेने जायला लागली तर आपण सीमाप्रश्न काढायचा?

---

सीमावासी_८६५ | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

राग कन्नडवर नाही, सरकारवर आहे. असो. पोरीला शुभेच्छा, मनापासून. एक कामाचं सांगतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा गट आहे, टाइप ई म्हणतात. दाखले काढायची सवय असलेल्या घरांना तो ठाऊक असतो, बाकीच्यांना नाही. बी.ए.ला तसलं काही मिळतं का ते कॉलेजात जाऊन विचार, फोनवर विचारू नकोस. कर्नाटक बोर्डाचं मायग्रेशन मात्र लागेलच, ते आधी काढ.

---

संपादक | १५ जानेवारी, सकाळी १०:००

सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे जा. इथे जर्मन. काकांची ५६ सालची गोष्ट मात्र अर्धीच राहिली, ती तिकडे पूर्ण करावी ही विनंती.

---

राईनकाठी | १६ जानेवारी, रात्री १२:३०

कागदांचा विषय निघालाच आहे तर माझी रड सांगतो, म्हणजे तुझी वाचेल.

माझ्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम, नंतरच्या दाखल्यावर बेळगावी. २०१४ ला नाव बदललं, त्याआधीचे कागद तसेच. त्यात माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव पूर्ण नाही, नुसती इनिशियलं, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये घालून सगळं लांबलचक. जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना आता एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र लागतं, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. मी गेलो तेव्हा ते नव्हतं, तरी एका कार्यालयातल्या बाईंनी मला विचारलं की ही तीन माणसं आहेत का. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत दोन महिने घालवले. शेवटी प्रतिज्ञापत्र, राजपत्राची प्रत आणि त्यांचा शपथेवरचा अनुवाद, एवढा गठ्ठा दिला. तू आत्ताच, पीयूसीचा फॉर्म भरलाय त्यावरचं नाव आणि आधार, पासपोर्ट एकदा शेजारी ठेवून बघ. एका अक्षराचा फरक असेल तर आज दुरुस्त कर. तीन वर्षांनी तो फरक डोंगराएवढा होतो.

बेंगळूरुस्थला एक उत्तर. आठशे वर्षांपूर्वीचं काव्य वाचून मला नोकरी मिळाली नाही, खरं आहे. पण ते वाचताना एक शब्द घेऊन तासभर बसायची सवय लागली. इथे मुलाखतीत मला एक करारपत्र दिलं आणि विचारलं, यात गडबड कुठे आहे. मी एका "झोल" वर बोट ठेवलं. "करायला हवं" आणि "करणार आहे असं म्हणतात", दोन्ही अर्थ होऊ शकतात त्या शब्दाचे. आपल्याकडे झोल म्हणजे काय ते माहीतच आहे, मला मनात हसू आलं.

---

बेंगळूरुस्थ | १६ जानेवारी, सकाळी ८:२०

झोल में झोल. मान्य. मी पदवीच्या विरोधात नाही, ताईला खर्चाचा अंदाज असावा एवढंच म्हणणं. सीयूईटीचा पेपर मराठीतूनही देता येतो बरं का, १३ भाषा आहेत, मराठी, कन्नड दोन्ही. इंग्लिशची भीती असेल तर.

---

अनगोळचा_टर्नर | १६ जानेवारी, दुपारी १:३०

एक विचारू? जर्मनमध्ये अडीच वाजलेत कसं सांगतात? जर्मनीहून आलेल्या इंजिनिअरने आमच्या मालकाला अडीचला न्यायला बोलावलं होतं, मालक साडेतीन समजून बसला.

---

व्याकरणवेडी | १६ जानेवारी, दुपारी ३:१५

अरे वा. जर्मन माणूस अडीचला हाल्प द्राय म्हणतो, म्हणजे "अर्धा तीन". इंग्लिशच्या सवयीने मालकांनी हाफ थ्री असं ऐकलं असेल, इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ साडेतीन. पण मराठी माणसाने चुकायला नको होतं! आपला अडीच आला कुठून? अर्धतृतीय. तिसरा अर्धा. दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. हाल्प द्राय म्हणजे शब्दशः अडीच. दीडला त्यांच्याकडे आन्डर्टहाल्प आहे, त्यात आन्डर म्हणजे दुसरा, दुसरा अर्धा. डॅनिश लोक तर याच्यावर कडी करतात. पन्नासला ते हाल्वट्रेस म्हणतात, मूळ पूर्ण रूपाचा अर्थ "अडीच विसा". आमची आज्जी आंबे विसांनी मोजायची, तिला डॅनिश बाजारात अडचण आली नसती.

---

गणपतगल्लीकर | १६ जानेवारी, दुपारी ४:००

अडीच विसा म्हणजे पन्नास. बँकेत अडतीस वर्षं काढली, हे कुणी सांगितलं नाही.

बाकी डच भाषा शिकायला काय सोय? आमचे आजोबा वेंगुर्ल्याला माल न्यायचे आंबोली घाटाने, तिथे डच वखारीची पडकी इमारत अजून आहे.

---

राईनकाठी | १६ जानेवारी, रात्री ११:५०

काका, तुम्ही पाहिलेल्या बेल्जियममध्येच. तिथल्या फ्रेंच भागात, लिएजला किंवा तुमच्या त्या नव्या लूव्हॅंला, "जर्मॅनिक भाषा" अशा नावाखाली पदवीचा कोर्स आहे. डच, जर्मन, इंग्लिश यांतल्या दोन घ्यायच्या. म्हणजे धाग्याच्या विषयात जे लिहिलंय ते शब्दशः तिथेच मिळतं. पण आजूबाजूला सगळं फ्रेंच, म्हणजे ती तिसरी शिकायची. जर्मनीत गेरमानिस्टिक वेगळं, डचचं निडरलांडिस्टिक वेगळं, उत्तरेकडच्या भाषांचं स्कांडिनाविस्टिक वेगळं. मात्र बहुतेक ठिकाणी मुख्य विषय आणि जोडविषय अशी जोडी करता येते. माझ्या वर्गातली एक मुलगी जर्मनबरोबर भारतविद्या घेऊन बसली होती. ती मला "तू करतोयस" आणि "तू करायलास" यातला फरक विचारायची. मी सांगायचो पहिलं पुण्याचं, दुसरं खरं.

---

मलप्रभाकाठची | २ फेब्रुवारी, रात्री १०:१०

नावाचा घोळ सापडला. आधारवर माझं नाव एका पद्धतीने, शाळेच्या दाखल्यावर "ई" ऐवजी दोन "ई". दुरुस्तीला टाकलंय. राईनकाठी दादा, तुमचे दोन महिने माझे वाचले.

घरी बोलणं झालं. जर्मनीला आत्ता नाही, हे मामाला पण पटलं (११,९०४ ला रुपयांत गुणून दाखवल्यावर लगेच पटलं). दिल्ली किंवा हैदराबाद. मोठे काका अजून बी.एड.वर आहेत. त्यांना मी म्हटलं जर्मन शिकवणारी शिक्षिका पण शिक्षिकाच असते. ते म्हणाले बघू. आमच्या घरात "बघू" म्हणजे अर्धा होकार.

पप्पा काहीच बोलले नाहीत. जेवताना फक्त विचारलं, दिल्लीला थंडीत किती डिग्री असतं.

---

अनगोळचा_टर्नर | २ फेब्रुवारी, रात्री १०:२५

स्वेटर घ्या. बाकी सगळं होतं.

---

मलप्रभाकाठची | २८ जुलै, रात्री ११:००

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी खासगी संदेशात विचारलं म्हणून.

दिल्लीत मिळालं. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने आले, पप्पा निजामुद्दीनपर्यंत सोडायला. वर्ग सुरू झालेत. चाळीसेक जणांत मराठी मी एकटी, मणिपूर, केरळ, बिहार, सगळीकडचे आहेत. पहिलं वर्ष जवळजवळ सगळी भाषाच, रोज सकाळपासून. साहित्य आणि भाषाविज्ञान पुढच्या वर्षांत. मला ए-टूचा फारसा फायदा नाही, कारण माझे उच्चार चुकीचे बसलेत आणि ते आता उकलून परत बसवतायत. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, जर्मन का? सगळे म्हणाले करिअर. मी पाटी सांगितली. मॅडमनी फळ्यावर लिहिली आणि शाल्टेन या क्रियापदावर अर्धा तास घेतला.

आज पप्पांचा फोन आला होता. वर्कशॉपमधून, मागे मशीनचा आवाज. विचारतात, "तुमच्यात सगळ्याला बाई-बाप्या असतं म्हणालीस ना? मग आमची लेथ काय?" मी म्हटलं, डी ड्रेबांक, बाई. जरा वेळ नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाले, "बरोबर हाय. थांबल्याशिवाय गियर टाकू देत नाही."